वापरलेल्या अणुइंधनापासून वीज: सोलापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

मी सोलापुरात भौतिकशास्त्र शिकवतो. अणुऊर्जेवर बोलायला शाळा-कॉलेजांत, वाचनालयांत, कधी तालुक्याच्या गावी जाणं होतं. व्याख्यान संपलं तरी प्रश्न संपत नाहीत. फोनवर, व्हॉट्सॲपवर येत राहतात, आणि त्यांतले बरेच फिरून तेच असतात. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या नव्या अणुभट्टीच्या बातम्या आल्यापासून तर "वापरून झालेल्या अणुइंधनातून पुन्हा वीज काढतात म्हणे, खरं का?" हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहिली. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. जिथे हिशेब ढोबळ आहे तिथे तसं म्हटलं आहे.

१. अणुभट्टीतून काढलेलं इंधन म्हणजे नेमकं काय असतं? जळून राख झालेली असते का?

राख होत नाही, कारण तिथे काही जळतच नाही. आपल्या देशातल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्याच्या आहेत आणि त्यांना नैसर्गिक युरेनियम चालतं. युरेनियम ऑक्साइडची पूड दाबून आणि भाजून बोटाच्या पेराएवढ्या टणक, काळ्या वड्या करतात. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात आणि नळ्यांची जुडी करतात. २२० मेगावॅटच्या अणुभट्टीत वापरायची जुडी १९ नळ्यांची, अर्धा मीटर लांब, आत १५ किलोच्या आसपास युरेनियम ऑक्साइड. हे काम हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये होतं. कोरी जुडी हातमोजे घालून उचलता येते.

अणुभट्टीत राहून ती बाहेर येते तेव्हाही दिसायला जवळपास तशीच असते. फरक आत पडलेला असतो. जवळजवळ ९९ टक्के युरेनियम तसंच शिल्लक असतं. पाऊण टक्क्याच्या आसपास विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, झालेले तुकडे असतात: सिझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, झेनॉन वगैरे. आणि ०.३५ ते ०.४ टक्के प्लुटोनियम असतं, जे आत जाताना अजिबात नव्हतं. परदेशातल्या साध्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत समृद्ध, म्हणजे सहज फुटणारा अंश वाढवलेलं, युरेनियम वापरतात आणि ते जास्त काळ आत ठेवतात. तिथल्या वापरलेल्या इंधनात ९५-९६ टक्के युरेनियम, सुमारे १ टक्का प्लुटोनियम आणि उरलेले तुकडे, असा हिशेब पडतो.

हे तुकडे इतके किरणोत्सारी असतात की नुकत्याच काढलेल्या जुडीजवळ आडोशाशिवाय उभं राहणं काही मिनिटांत जिवावर बेततं. म्हणून ती यंत्रानेच काढतात आणि थेट खोल पाण्याच्या टाकीत नेतात.

२. अशा एका जुडीतून वीज किती मिळते आणि मागे किती राहते?

जड पाण्याच्या अणुभट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियममागे ढोबळ ५०,००० युनिट वीज पडते. १५ किलो ऑक्साइडात युरेनियम तेरा-साडेतेरा किलो, म्हणजे एका जुडीमागे पावणेसात लाखांच्या आसपास युनिट. एवढ्याच विजेला आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पात साडेचारशे टनांच्या आसपास कोळसा लागेल.

मागे राहिलेल्या जुडीत पन्नास-पंचावन्न ग्रॅम प्लुटोनियम असतं. एक ग्रॅम प्लुटोनियमचं पूर्ण विखंडन झालं तर २४,००० युनिट उष्णता निघते, चांगल्या प्रकल्पात त्यातली ४० टक्के वीज होते. हिशेब तुम्हीच करून पाहा. नुसत्या त्या प्लुटोनियममध्ये आणखी पाच लाख युनिटांच्या आसपास वीज दडलेली आहे. आणि उरलेल्या तेरा किलो युरेनियमचा विषय तर अजून काढलेलाच नाही (प्रश्न ६).

३. एवढी ऊर्जा शिल्लक असताना इंधन बाहेर काढतात तरी कशाला?

कारण त्या अणुभट्टीला ती वापरता येत नाही. नैसर्गिक युरेनियममध्ये सहज फुटणारा युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतो. वापर होता होता तो ०.२ टक्क्याच्या जवळ येतो. दुसरीकडे विखंडनाचे तुकडे साठत जातात आणि त्यांतले काही, विशेषतः झेनॉन आणि समेरियम, अणू फोडणारे न्यूट्रॉन हे कण गिळून बसतात. एक अणू फुटून त्यातल्या न्यूट्रॉनने पुढचा फुटत राहण्याची शृंखला चालू ठेवायला ते पुरेनासे होतात. नळीचा धातूही उष्णतेने आणि माऱ्याने थकतो, त्याला किती काळ आत ठेवायचं याची हद्द असते. जड पाण्याच्या अणुभट्टीची सोय अशी की ती बंद न करता, चालू असतानाच जुनी जुडी काढून नवी घालता येते.

४. सर, आमच्या साखर कारखान्यात उसाचा रस काढून बगॅसवर वीज करतात. हे तसंच का?

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात येऊ शकतो, आणि अर्धा बरोबर आहे. पहिल्या उपयोगानंतर उरलेल्या मालात ऊर्जा असते, हे दोन्हीकडे खरं. पण बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, गाळपातून निघाली की थेट बॉयलरमध्ये टाकता येतात. वापरलेलं अणुइंधन जसंच्या तसं कुठेच टाकता येत नाही. ते आधी वर्षानुवर्षं थंड करावं लागतं, आम्लात विरघळवावं लागतं, त्यातून कामाचं वेगळं काढावं लागतं, त्याचं नवं इंधन घडवावं लागतं आणि मग वेगळ्या जातीच्या अणुभट्टीत घालावं लागतं. सगळा खर्च आणि सगळा वेळ त्या मधल्या कामांत जातो.

५. ती मधली कामं नेमकी कोणती?

आधी पाण्याच्या टाकीत काही वर्षं ठेवणं. आयोडीन-१३१ सारखे अल्पायुषी अणू (अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा काळ, आठ दिवस) तेवढ्यात संपतात आणि उष्णता झपाट्याने उतरते.

मग पुनर्प्रक्रिया. जाड काँक्रीटच्या खोलीत, माणसाने आत न जाता, यंत्राच्या हातांनी नळ्यांचे बारीक तुकडे करतात आणि ते नायट्रिक आम्लात टाकतात. इंधन विरघळतं, धातूची टरफलं मागे राहतात. या द्रावणात ट्रायब्युटिल फॉस्फेट मिसळलेलं केरोसिनच्या जातीचं तेल घुसळतात. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलात जातात, विखंडनाचे तुकडे आम्लात राहतात. पुढे युरेनियम आणि प्लुटोनियम एकमेकांपासून वेगळे करतात. या पद्धतीला प्युरेक्स म्हणतात. भारताने १९६४ मध्येच तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, असा कारखाना चालू केला. पुढे तारापूर आणि कल्पाक्कमला झाले.

शेवटी प्लुटोनियम ऑक्साइड आणि युरेनियम ऑक्साइड मिसळून नवं इंधन करतात, ते मॉक्स. कोऱ्या युरेनियमसारखं हे उघड्यावर हाताळता येत नाही. प्लुटोनियमची धूळ श्वासातून फुप्फुसात जाणं फार घातक, म्हणून सगळं काम हातमोजे बसवलेल्या बंद पेट्यांमध्ये चालतं.

६. फास्ट ब्रीडर खर्च केल्यापेक्षा जास्त इंधन तयार करतो म्हणतात. फुकटात ऊर्जा कशी येईल?

फुकट काहीच येत नाही, आणि शंका घेतलीत हे चांगलं केलंत. फास्ट ब्रीडर म्हणजे द्रुत प्रजनक अणुभट्टी. तिथे न्यूट्रॉनचा वेग मुद्दाम कमी करत नाहीत. वेगवान न्यूट्रॉनने प्लुटोनियमचा अणू फुटला की सरासरी तीनच्या आसपास नवे न्यूट्रॉन निघतात. एक शृंखला चालू ठेवायला लागतो, थोडे वाया जातात, आणि एकाहून थोडे जास्त युरेनियम-२३८ ला मिळतात.

युरेनियम-२३८ म्हणजे तेच ९९ टक्के, जे साध्या अणुभट्टीत जवळपास पडून राहतं. त्याने न्यूट्रॉन घेतला की तो युरेनियम-२३९ होतो, त्याचं साडेतेवीस मिनिटांच्या अर्धायुष्याने नेपच्युनियम होतं आणि त्याचं सव्वादोन-अडीच दिवसांच्या अर्धायुष्याने प्लुटोनियम-२३९. म्हणजे इंधन शून्यातून येत नाही. जे युरेनियम फुटत नव्हतं त्याचं फुटणारं द्रव्य होतं. एकदाच वापरून ठेवून दिलं तर खाणीतल्या युरेनियमचा एक टक्काही उपयोगात येत नाही. फास्ट ब्रीडरमधून पुन्हा पुन्हा फिरवलं तर त्याच युरेनियमपासून साठपटीपर्यंत ऊर्जा मिळू शकते. आपल्याकडे युरेनियम कमी आहे, म्हणून होमी भाभांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला तेव्हा दुसरा टप्पा याच अणुभट्टीला दिला.

ही कल्पना नवीही नाही. अणुऊर्जेपासून पहिल्यांदा वापरण्याजोगी वीज झाली ती २० डिसेंबर १९५१ ला, अमेरिकेत आयडाहोमधल्या ईबीआर-१ या प्रायोगिक फास्ट ब्रीडरमध्ये. चार बल्ब पेटले होते.

७. कल्पाक्कमला काय चाललंय? किती वर्षं ऐकतोय!

तिथे दोन अणुभट्ट्या आहेत आणि बातम्यांत त्यांची गल्लत होते. छोटी एफबीटीआर (फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टर) ही प्रायोगिक, १९८५ पासूनची. प्लुटोनियम-युरेनियमच्या कार्बाइड इंधनावर ती चालवून आपल्या शास्त्रज्ञांनी या विषयातला अनुभव मिळवला. मोठी पीएफबीआर (प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिॲक्टर), ५०० मेगावॅटची, भाविनी या सरकारी कंपनीची. तिचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी डिसेंबरात त्सुनामीचं पाणी बांधकामाच्या खड्ड्यात शिरलं. २०१० ची मुदत धरली होती, ती टळली, आणि पुढच्या मुदतीही टळत गेल्या. ४ मार्च २०२४ ला पंतप्रधानांच्या उपस्थितीत गाभा, म्हणजे जिथे इंधन असतं तो मधला भाग, भरायला सुरुवात झाली. इंधन भरणं, शृंखला स्वतःच्या बळावर चालू होणं, हळूहळू क्षमता वाढवणं, ग्रिडला जोडणं, या प्रत्येक पायरीला अणुऊर्जा नियामक मंडळाची वेगळी परवानगी लागते.

उशीर झाला हे मान्यच करायला हवं. पण द्रव सोडियमवर चालणारी एवढी मोठी अणुभट्टी जगात फार थोड्या देशांनी उभारली आहे, आणि ती आपण स्वतःच्या आराखड्यावर उभारली. माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन्ही गोष्टी सांगतो.

८. मग एकदम वीस फास्ट ब्रीडर का बांधत नाही?

प्लुटोनियम कुठून आणायचं? सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट हीच आहे.

पीएफबीआरसारख्या एका अणुभट्टीचा पहिला गाभा भरायला दोन टनांच्या आसपास प्लुटोनियम लागतं. एक टन वापरलेल्या इंधनातून मिळतं साडेतीन-चार किलो. म्हणजे एका गाभ्यासाठी पाचशेहून जास्त टन वापरलेलं इंधन थंड करून, कापून, विरघळवून, गाळून घ्यावं लागणार. ७०० मेगावॅटची जड पाण्याची अणुभट्टी वर्षाला ढोबळ शंभर टन इंधन बाहेर काढते. तिची पाच वर्षांची सगळी जुडी-न्-जुडी एका ५०० मेगावॅटच्या सुरुवातीला लागते. शिवाय पहिला गाभा भरला म्हणजे झालं असं नाही. एक भार अणुभट्टीत असताना दुसरा थंड होत असतो, तिसरा कारखान्यात असतो, त्यामुळे प्रत्यक्षात प्लुटोनियम याहून जास्त अडकून पडतं. ऑक्साइड इंधनावरच्या फास्ट ब्रीडरला दुसऱ्या तशाच अणुभट्टीपुरतं जास्तीचं प्लुटोनियम साठवायला दशकं लागतात.

म्हणून, माझ्या मते, बातमी फक्त अणुभट्टीची करू नये. पुनर्प्रक्रियेचे कारखाने किती मोठे आणि किती नियमित चालतात, यावर या विजेचं भवितव्य ठरणार आहे. त्यांची उद्घाटनं गाजत नाहीत, पण खरी चावी तिथे आहे.

९. वापरलेलं इंधन वर्षानुवर्षं गरम असतं. त्याच उष्णतेवर पाणी उकळून वीज का करत नाहीत?

इंजिनीअरिंगच्या मुलांचा हा आवडता प्रश्न. अणुभट्टी बंद केल्याक्षणी इंधनातून मूळ क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता येत असते. तासाभरात ती दीड टक्क्याच्या आसपास येते, दिवसाने अर्ध्या टक्क्यावर. जोवर उष्णता भरपूर असते तोवर ती सुरक्षितपणे काढून टाकणं हेच मुख्य काम असतं. दहा वर्षांनी जड पाण्याच्या अणुभट्टीतल्या एका जुडीतून जेमतेम चार-पाच वॅट उष्णता निघते. परदेशातल्या जास्त वापरलेल्या इंधनातून टनामागे किलोवॅटच्या आसपास.

एवढ्या मंद उष्णतेने उच्च दाबाची वाफ होत नाही. तापमानाच्या फरकावर चालणारी उपकरणं लावली तर त्यांची कार्यक्षमता पाच-सहा टक्के, म्हणजे एका जुडीमागे पाव वॅट. आणि तेवढ्यासाठी जुडीभोवती जाड कवच, यंत्रणा, राखण. परवडत नाही.

जिथे पर्यायच नसतो तिथे मात्र हे तंत्र वापरतात, पण सबंध इंधनावर नव्हे, वेगळ्या काढलेल्या एकाच समस्थानिकावर (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंपैकी एकावर). १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर अंतराळयानं प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर चालतात, सुरुवातीला प्रत्येकीला ४७० वॅटच्या आसपास वीज मिळत होती. प्लुटोनियम-२३८ चं अर्धायुष्य ८७.७ वर्षं.

१०. अणुकचऱ्यापासून हजारो वर्षं चालणारी हिऱ्याची बॅटरी निघाली, मोबाइल चार्ज करायला नको, असा मेसेज आलाय.

बॅटरी खरी, मोबाइल खोटा. ब्रिस्टल विद्यापीठाने २०१६ मध्ये ही कल्पना मांडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाबरोबर कार्बन-१४ ची पहिली हिरा-बॅटरी केल्याचं जाहीर केलं. कार्बन-१४ चं अर्धायुष्य सुमारे ५,७०० वर्षं, म्हणून ती प्रदीर्घ चालेल हे बरोबर. पण तिची क्षमता मायक्रोवॅटमध्ये, म्हणजे वॅटच्या दहा लाखाव्या भागात. शरीरात बसवायची सूक्ष्म उपकरणं किंवा अंतराळातली संवेदकं यांना ती उपयोगी पडेल. तिचा कार्बनही वापरलेल्या इंधनातून येत नाही, जुन्या अणुभट्ट्यांच्या ग्राफाइटच्या ठोकळ्यांतून मिळवण्याचा विचार आहे.

२०२५ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी गॅमा किरणांवर चमकणारा स्फटिक आणि सौर घट जोडून वीज मोजली. सिझियम-१३७ जवळ २८८ नॅनोवॅट, कोबाल्ट-६० जवळ दीड मायक्रोवॅट. चांगलं संशोधन आहे. गावाला वीज देण्याशी त्याचा संबंध नाही.

११. सगळं वापरून झालं की कचरा उरतच नाही ना?

उरतो. इथे मला स्पष्ट लिहायलाच हवं, कारण अणुऊर्जेच्या बाजूने बोलणारेही कधी कधी उत्साहात "कचरा संपला" म्हणतात.

विखंडनाच्या तुकड्यांपासून अणुभट्टीत पुन्हा वीज होत नाही. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, स्ट्रॉन्शियम-९० चं २९. यांना जवळपास ३०० वर्षं माणसापासून दूर ठेवावं लागतं. तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कमला हा द्रव कचरा काचेत मिसळून, वितळवून, स्टीलच्या डब्यांत भरतात आणि थंड हवेच्या झोतात राखतात. काही तुकड्यांचं आयुष्य लाखो वर्षांचंही आहे, त्यांचं प्रमाण कमी असलं तरी ते आहेत.

फायदा काय, तर प्लुटोनियम वेगळं काढून फोडलं की २४,००० वर्षं अर्धायुष्याचा मोठा वाटा त्या काचेत जात नाही. कचऱ्याचं आकारमान आणि दीर्घकाळची उष्णता दोन्ही घटतात. अमेरिशियम-२४१ सारखे (अर्धायुष्य ४३२ वर्षं) जड अणूही वेगळे काढून फास्ट रिॲक्टरमध्ये फोडता आले तर आणखी मोठा फरक पडेल, त्यावर काम चालू आहे. तरीही खोल खडकातली कायमची जागा लागणारच.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. याच कचऱ्यातून भाभा अणुसंशोधन केंद्राने सिझियम-१३७ काढून काचेच्या कांड्या केल्या. रुग्णाला द्यायच्या रक्तावर किरणांचा मारा करणाऱ्या उपकरणांत त्या वापरतात. रुथेनियम-१०६ काढून डोळ्याच्या कर्करोगावर लावायच्या चकत्या केल्या. विजेशी संबंध नसला तरी हे सोलापूरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावं.

१२. परदेशात हे कुणी करतं का, की फक्त आपणच मागे लागलोय?

फ्रान्स अनेक दशकं करतोय. ला हेगला पुनर्प्रक्रिया आणि मेलॉक्स कारखान्यात मॉक्स. त्यांच्या अणुविजेतली दहा टक्क्यांच्या आसपास मॉक्सची. मात्र फ्रान्सचा मोठा फास्ट रिॲक्टर सुपरफिनिक्स नव्वदच्या दशकात बंद झाला, ते मॉक्स साध्या पाण्याच्या अणुभट्ट्यांत वापरतात. रशियाचा बीएन-६०० हा फास्ट रिॲक्टर १९८० पासून चालतोय, आणि बीएन-८०० मध्ये २०२२ मध्ये पूर्ण गाभा मॉक्सचा झाला. जपानचा तसाच रिॲक्टर मोंजू १९९५ च्या सोडियम गळतीनंतर सावरलाच नाही, २०१६ मध्ये तो कायमचा बंद करायचं ठरलं. ब्रिटनने इंधन गाळून १४० टनांच्या आसपास प्लुटोनियम साठवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं की ते इंधन म्हणून वापरायचं नाही, स्थिर रूपात बांधून पुरायचं. अमेरिकेत नव्वद हजार टनांच्या आसपास वापरलेलं इंधन साठून आहे. फिनलंडने पुनर्प्रक्रियेचा नाद सोडून ओन्कालोला खडकात बोगदे खोदले.

ब्रिटनचं उदाहरण नीट वाचावं. गाळण्याचा कारखाना होता, पण ते जाळायला अणुभट्ट्या नव्हत्या. दोन्ही बरोबरीने उभे राहिले नाहीत तर काय होतं ते तिथे दिसतं.

१३. प्लुटोनियम म्हणजे बॉम्ब. मग हे धोक्याचं नाही का?

प्रश्न रास्त आहे. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस या संशोधन अणुभट्टीच्या इंधनातून, पुनर्प्रक्रिया करूनच काढलेलं होतं. अमेरिकेत १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी व्यापारी पुनर्प्रक्रिया थांबवली त्यामागे हीच भीती होती. वीज प्रकल्पात जास्त काळ राहिलेल्या इंधनातलं प्लुटोनियम मिश्र समस्थानिकांचं असतं आणि बॉम्बसाठी गैरसोयीचं, पण म्हणून ते निर्धोक ठरत नाही. ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब, पहारा आणि गाळलेलं प्लुटोनियम साठवून न ठेवता लवकर अणुभट्टीत घालणं, एवढंच हातात आहे. पीएफबीआर आंतरराष्ट्रीय तपासणीच्या यादीबाहेर ठेवलेली आहे, त्यावर देशात आणि बाहेरही मतभेद आहेत.

१४. सोडियम पाण्यात टाकला की पेटतो हे शाळेत दाखवलं होतं. तोच सोडियम अणुभट्टीत?

तोच, आणि टनावारी. कारण तो न्यूट्रॉनचा वेग फारसा कमी करत नाही, उष्णता उत्तम वाहतो, आणि ८८३ अंशांना उकळत असल्याने दाबाखाली ठेवावा लागत नाही. दाब नाही म्हणजे भांडं फुटून जोराने बाहेर येण्याचा धोका कमी. पण हवा लागली तर पेटतो, पाणी लागलं तर हायड्रोजन सोडतो. म्हणून वर आरगॉन वायूचं आवरण असतं, आणि गाभ्याजवळचा किरणोत्सारी सोडियम वाफेच्या यंत्रापर्यंत नेतच नाहीत. मध्ये सोडियमचंच दुसरं, स्वच्छ मंडल असतं. त्यामुळे वाफेच्या यंत्रात गळती झालीच तर ती किरणोत्सारी नसलेल्या सोडियमची आणि पाण्याची. रशियाच्या बीएन-६०० मध्येही गळत्या झाल्या, त्यांनी दुरुस्ती करून ती चालू ठेवली. मोंजूमध्ये गळतीइतकाच घटनेची चित्रफीत लपवल्याचा राग लोकांना आला. गळती होऊ न देणं आणि झाली तर लगेच सांगणं, दोन्ही सारखंच महत्त्वाचं.

१५. भारतातलं सगळं वापरलेलं इंधन असं वापरता येतं का?

तांत्रिकदृष्ट्या बरंचसं, कायद्याने सगळं नाही. आयात युरेनियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्यांचं इंधन आणि कूडनकुळमसारखे प्रकल्प आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. त्यातून निघालेलं प्लुटोनियमही त्याच देखरेखीत राहतं. तारापूरच्या १९६९ च्या दोन अणुभट्ट्यांना इंधन अमेरिकेकडून यायचं. त्याच्या पुनर्प्रक्रियेला अमेरिकेने संमती न दिल्याने ते वापरलेलं इंधन दशकानुदशकं तिथेच साठून राहिलं. २०१० मध्ये भारत-अमेरिकेत पुनर्प्रक्रियेचा वेगळा करार झाला.

खासगी कंपनी हा धंदा करू शकेल का, असंही विचारतात. डिसेंबर २०२५ च्या शांती कायद्याने अणुवीज खासगी कंपन्यांना खुली झाली, पुनर्प्रक्रिया मात्र केंद्र सरकारकडेच राहिली.

१६. आपल्या सोलापूरला असा प्रकल्प येईल का? आणि आला तर किल्लारीसारखा भूकंप झाल्यावर काय?

पुनर्प्रक्रियेचे कारखाने आजवर मोठ्या अणुकेंद्रांच्या आवारातच झाले, महाराष्ट्रात तुर्भे आणि पालघर जिल्ह्यातलं तारापूर. वापरलेलं इंधन जितकं कमी फिरवावं लागेल तितकं बरं, हे त्यामागचं साधं कारण. जिथे अणुभट्ट्याच नाहीत तिथे असा कारखाना नेण्यात अर्थ नाही.

नुसत्या अणुवीज प्रकल्पाचं म्हणाल, तर समुद्रच लागतो असं नाही. रावतभाटा, नरोरा, काक्रापार, कैगा हे सगळे नदी-धरणांवर आहेत. पण आपल्याकडे अडचण पाण्याचीच. उजनीच्या पाण्यावर ऊस, शहरं, कारखाने आणि एनटीपीसीचे दोन संच एकाच वेळी हक्क सांगतात, आणि सोलापूर शहरात अजून रोज नळाला पाणी येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपण सगळ्यांनी अनुभवला. तो ज्या भागाला स्थिर मानलं जायचं तिथे झाला. जागा निवडताना त्याचा विचार करावाच लागतो, भूकंप सोसणारी बांधणीही करतात. पण माझ्या मते सोलापूरसाठी पाण्याचं उत्तर आधी मिळायला हवं.

१७. मग कल्पाक्कमच्या विजेचा सोलापूरच्या यंत्रमागाला काय उपयोग?

थेट तार येणार नाही. पण ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी एकाच लयीत जोडली गेली, ती आपल्याच जिल्ह्यातून. त्यामुळे तिकडची वीज आणि इकडची वीज एकाच जाळ्यात आहे. बिलात मात्र फरक पाहू नका. देशाच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे आणि पहिल्या ५०० मेगावॅटची वीज स्वस्त पडेल असं मी तरी कुणाला सांगत नाही. सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचं उद्दिष्ट ठेवलं आहे. तिथवर पोचायचं तर इंधनाचा प्रश्न सोडवावा लागेल (प्रश्न ८).

१८. थोरियमचं काय झालं?

तो तिसरा टप्पा. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम भरपूर, पण तो स्वतः फुटत नाही. न्यूट्रॉन देऊन त्याचा युरेनियम-२३३ करावा लागतो, आणि ते न्यूट्रॉन मोठ्या प्रमाणावर द्यायचे तर आधी फास्ट ब्रीडर हवेत. कल्पाक्कमची कामिनी ही ३० किलोवॅटची छोटी अणुभट्टी युरेनियम-२३३ वर १९९६ पासून चालली आहे.

१९. एकदा पुन्हा वापरलेलं इंधन तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वापरता येतं का?

कुठल्या अणुभट्टीत, त्यावर अवलंबून. साध्या पाण्याच्या अणुभट्टीत मॉक्स एकदा वापरलं की प्लुटोनियममधले न फुटणारे समस्थानिक वाढतात आणि पुढच्या फेरीला दर्जा घसरतो. म्हणून फ्रान्स बहुतेक मॉक्स एकदाच वापरून ठेवून देतो. फास्ट रिॲक्टरमध्ये वेगवान न्यूट्रॉन त्या समस्थानिकांनाही बऱ्याच अंशी फोडतात, त्यामुळे फेऱ्या चालू राहू शकतात.

पण प्रत्येक फेरीला पुन्हा पुनर्प्रक्रिया आलीच, आणि फास्ट रिॲक्टरचं इंधन गाळणं जास्त अवघड. त्यात प्लुटोनियम जास्त, किरणोत्सर्ग जास्त, आम्लात विरघळायलाही हट्टी. कल्पाक्कमला कोरल या छोट्या सुविधेत २००३ पासून एफबीटीआरच्या कार्बाइड इंधनावर ही प्रक्रिया केली गेली. तिथल्या अनुभवावर उभारलेला मोठा प्रात्यक्षिक कारखाना जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. पीएफबीआरमधून निघणारं इंधन नियमित गाळायचं तर त्याहून मोठी क्षमता लागेल.